सायमाच्या डाव्या बंदुकीबद्दल

हौस म्हणून घेतलेली नाही ती बंदूक. म्हातारपणी नवं खेळणं, असं गावात म्हणत होते, तुम्हीही मनात म्हणत असाल. ते आधी लिहून घ्या. नाव काय, नाव तुम्हाला माहीतच आहे. लिहायलाच लागतं तर लिहा: ताउनो केरानेन, वय बहात्तर, धंदा पूर्वी जंगलात लाकूडतोड, आता काही नाही, शिक्षण सहावी, राहणार टमारॅक रोड, टपालपेटी सतरा. आज रविवार, पंधरा नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झालीत. मी स्वतः शेरीफच्या ठाण्यात डेप्युटी पेंगली यांच्यासमोर बसून सांगतो की,

सायमा केरानेन ही माझी बायको. वय अडुसष्ट. उंची पाच फुटाला एक बोट कमी. जन्मापासून डावखुरी. एक्केचाळीस वर्षं तिनं माझ्या बापाची जुनी बंदूक वापरली. त्या बंदुकीच्या बोल्टची, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सळईची, दांडी उजवीकडे, सगळ्यांच्या असते तशी. उजव्या माणसाच्या ती हाताशी येते. सायमाला प्रत्येक गोळीनंतर बंदूक खांद्यावरून उतरवायची, डावा हात वरून पलीकडे टाकायचा, दांडी ओढायची, परत खांद्याला लावायची. मी म्हणायचो, एका गोळीत पाड, म्हणजे दांडी ओढायलाच नको.

गेल्या वर्षी आठ टोकांच्या शिंगांचा नर तिच्यापासून साठ पावलांवर उभा राहिला. पहिली गोळी बर्चच्या खोडात गेली. दुसरी भरेपर्यंत नर रस्ता ओलांडून गेला. जेवताना तिचा धाकटा भाऊ आर्वो म्हणाला, "ताई, जाताना त्यानं टोपी काढली का तुला?" सगळे हसले. मी पण हसलो. सायमा म्हणाली, "मला माझ्या हाताची बंदूक पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही आपला रस्सा आपण शिजवा." मी म्हणालो, बंदूक ती बंदूक, डावी काय आणि उजवी काय. ती म्हणाली, "मग तू चाळीस वर्षं डावा बूट उजव्या पायात घालून फिर."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गावातल्या लिओनच्या दुकानात गेलो. भिंतभर बंदुका आहेत त्याच्याकडे. त्यात डाव्या चार, कोपऱ्यात, धूळ खात. चारही लांब. लिओननं दस्त्याचं टोक सायमाच्या कोपराच्या वळणात टेकवलं आणि बोट पुढं करायला सांगितलं. बोटाचं पहिलं पेर चापावर यायला पाहिजे. तिचं बोट दोन इंच मागंच राहिलं. मग त्यानं बायकांच्या आणि पोरांच्या मापाच्या आखूड बंदुका काढल्या. त्या सगळ्या उजव्या.

लिओन म्हणाला, "काकू, आखूड आहेत त्या उजव्या, डाव्या आहेत त्या लांब. डावखुरं आणि बुटकं असं गिऱ्हाईक कंपनीवाल्यांनी बघितलंच नाही अजून."

ती म्हणाली, "मग त्यांना बोलाव, बघून जातील."

मी म्हणालो, घरी करवत आहे, लांबातल्या एकीचा दस्ता दोन बोटं कापू, संपलं काम. सायमा म्हणाली, "तुझे पाय काप." लिओननं मला समजावलं की दस्ता कापला तरी नळी लांबच राहते, वजन पुढं पडतं. आम्ही हरणाची वाट बघत बसतो ते टेहळणीचं खोकं फळ्यांचं, चार बाय चार फूट. लांब नळी वळवायला गेलं की खिडकीला आपटते आणि हरीण पळतं. हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी तेव्हा तसं म्हणालो नाही.

तो कंपन्यांच्या मालाच्या वह्या चाळत बसला. अर्धा तास गेला. शेवटी एक सापडली: डावी, आखूड नळी, आखूड दस्ता, गोळी हलकी, खांद्याला धक्का कमी. सायमाला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता पाहिजे होता. तो मिळेना, काळ्या प्लास्टिकचा मिळत होता. ती म्हणाली, काळा तर काळा. मागवायला सात आठवडे लागले.

सहा ऑक्टोबरला बंदूक आली. सायमानं डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली आणि मग डोळे उघडले. नजर सरळ बंदुकीवरच्या दुर्बिणीत पडली तर बंदूक आपल्या मापाची, नाहीतर नाही.  तिनं बंदूक खाली घेतली, परत डोळे मिटले, परत लावली. मी म्हणालो, झालं का, गाडी चालू ठेवलीय. तिनं तिसऱ्यांदा लावली.

मग नेम तपासायला खडीच्या खाणीत गेलो. तिनं तीन गोळ्या मारल्या. गाल दस्त्यावरून हलला नाही. दांडी डाव्या हाताला आपोआप आल्यासारखी आली. तिसऱ्या गोळीनंतर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं, ताउनो." मी म्हणालो, चल, पाऊस येईल.

आता कॅम्पचा नियम सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. हेमलॉक तळ्यामागं आमचं शिकारीचं खोपटं आहे, सन त्रेपन्नमध्ये मी, आर्वो आणि सायमा अशा तिघांनी बांधलेलं. पुढच्या ओसरीत भिंतीला खुंट्या आहेत. त्यांवर बंदुका आडव्या ठेवायच्या, एकीखाली एक, नळ्या लाकडाच्या ढिगाकडे. आत यायच्या आधी ज्यानं त्यानं आपली बंदूक रिकामी करायची आणि बोल्ट उघडा ठेवायचा. मग मी वरून खालपर्यंत हात फिरवतो. दांड्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला येतात, बोल्ट उघडा असला की वर उचललेल्या असतात आणि हाताला लागतात. सगळ्या तपासल्या की मी म्हणतो, "मोकळ्या." मी मोकळ्या म्हणाल्याशिवाय कोणी दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावत नाही. म्हटल्यावर लावतात. पंचेचाळीस वर्षं हे काम माझं आहे. आजपर्यंत कोणाला ओरखडा आला नाही.

आज पहाटे आम्ही पाच जण बाहेर पडलो. मी, सायमा, आर्वो आणि त्याचे दोघे मुलगे. मुलगे म्हणजे चाळिशीतले बाप्ये. अकरा वाजता मी परत आलो आणि रस्सा ठेवला. साडेअकराला आर्वो आणि मुलगे आले. त्यांनी बंदुका ठेवल्या. तिघेही मागं सॉनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीची, चूल पेटवायला गेले. बारा वाजायला दहा मिनिटं असताना सायमा आली. बर्फ पडत होता. ती पायरीवर उभी राहून बंदूक रिकामी करत होती. तेवढ्यात रस्सा उतू गेला. मी हाक मारली की ठेव ती, आधी येऊन भांडं धर. तिनं बंदूक सगळ्यात खालच्या खुंटीवर ठेवली, नळी ढिगाकडे, नियमाप्रमाणे, आणि आत आली.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी ओसरीत गेलो आणि हात फिरवला. चार दांड्या लागल्या. पाचव्या बंदुकीवर हाताला नुसतं गुळगुळीत प्लास्टिक लागलं. तिची दांडी डावीकडे, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला. ती बघायची तर बंदूक खुंटीवरून काढायला लागते. मी काढली नाही. पंचेचाळीस वर्षं कधी काढायला लागली नव्हती. जेवण निवत होतं. मी मोकळ्या म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, मागं आर्वोला ऐकू गेलं.

आर्वो ओसरीत आला. बूट काढता काढता त्यानं सायमाची बंदूक उचलली. म्हणाला, "बघू दे ताई तुझी उलटी नवरी. दाजी, हिला धरायचं कुठून?" सायमा कॉफीचं भांडं घेऊन दारात आली. म्हणाली, "तुला नाही जमायचं. त्याला डोकं डावीकडे लागतं." आर्वोनं सवयीप्रमाणे उजवा हात दांडीसाठी टाकला, तिथं काही नव्हतं. त्यानं बंदूक आडवी फिरवली. तो बोल्ट उघडून बघणार होता. गोळी सुटू नये म्हणून असतो तो खटका लावलेला असला की या बंदुकीचा बोल्ट उघडत नाही, म्हणून त्यानं अंगठ्यानं खटका काढला. दुसऱ्या हाताचं बोट कुठं होतं ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. बंदूक फिरवताना नळी दाराकडे झाली होती. ही चूक त्याची, आणि तेवढीच त्याची. तेवढीच लिहा.

आवाज झाला. मला वाटलं चुलीवरचं झाकण पडलं. मी चुलीकडे बघितलं. झाकण जागेवर होतं. मग बघितलं तर सायमा उंबऱ्यात बसली होती आणि म्हणत होती, "कॉफी सांडली." तिच्या उजव्या मांडीतून रक्त येत होतं, आणि ते थांबत नव्हतं. मी पट्टा आवळला. मी पट्टा आवळला हे मला आठवत नाही, आर्वोच्या मोठ्या मुलानं सांगितलं. तोच गाडी घेऊन पक्क्या रस्त्यावरच्या घरी फोनला गेला. अँब्युलन्स यायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आर्वो ती बंदूक हातात धरूनच उभा होता. मी म्हणालो, खाली ठेव. त्यानं विचारलं, "कुठं ठेवू, दाजी?" 

अँब्युलन्समध्ये मला जागा नव्हती. सायमाला साठ मैलांवर मोठ्या दवाखान्यात नेलं आहे. तीन वाजल्यापासून ऑपरेशन चालू आहे. पाय राहील का, ती राहील का, हे कोणी सांगत नाही. आर्वो पलीकडच्या खोलीत बसला आहे. त्याला दिलेली कॉफी तशीच आहे.

आता तुम्ही लिहिलंय ते मला वाचून दाखवलंत. त्यात एक ओळ आहे की "बंदूक मालकिणीनं भरलेली ठेवली, विसरली." हे कोणी सांगितलं असं मी विचारलं. डेप्युटी म्हणाले, "काका, सायमाकाकूंनीच सांगितलं. अँब्युलन्समधल्या माणसानं लिहून घेतलंय. शुद्धीवर होत्या. दोनदा म्हणाल्या, माझी बंदूक, मी विसरले."

ती ओळ खोडा.

ती विसरली नव्हती. मी भांड्यासाठी हाक मारली तेव्हा ती पायरीवरून म्हणाली, "थांब, खालच्या पेटीतल्या गोळ्या काढल्या, नळीत एक आहे अजून. बोटं गारठलीत." मी म्हणालो, "ठेव, मी बघतो." ती परत म्हणाली, "नळीत आहे हं." मी म्हणालो, "ऐकलं." आर्वो आणि मुलगे मागं होते, त्यांनी हे ऐकलेलं नाही. हे फक्त मला आणि तिला माहीत आहे. ती आत आली, तिनं भांडं धरलं, रस्सा चुलीवर गेला होता तो पुसला. मग पंधरा मिनिटांनी मी हात फिरवला. तेव्हा ते माझ्या डोक्यात नव्हतं. ऐकलेलं होतं, आणि डोक्यात नव्हतं. ते कसं, हे मला विचारू नका. मी दुपारपासून तेच बघतोय.

डेप्युटी म्हणाले, "काका, थांबा. हे लिहायच्या आधी वकील बोलवा. काकूंचं म्हणणं कागदावर आलंय, तसंच राहू दे. कोणाला त्रास नाही." हेही लिहा. पोरगा भलेपणानं बोलला. मी त्याला म्हणालो, वकील कशाला, मी शिकलेलो नाही, पण मी बघतो म्हटल्याचा अर्थ मला कळतो. ती ऑपरेशनमधून उठली नाही तर तिच्या नावावर कायमचं लिहून राहील की बाई बंदूक भरून ठेवायची. एक्केचाळीस वर्षं ती उलट्या हातानं बंदूक वापरत होती आणि एकदाही भरलेली आत आणली नाही. उठली तर ती स्वतःच तुम्हाला तेच सांगेल, तिसऱ्यांदा. तेव्हा हा कागद तिच्यासमोर ठेवा.

ओळ खोडली, मी बघितलं. खोडल्याजागी माझ्या नावाची आद्याक्षरं घातली. डेप्युटींनी सगळा कागद परत पहिल्यापासून वाचला, मी उभ्यानं ऐकला, माझं बोलणं जसं होतं तसं आहे. चष्मा ओसरीत राहिला म्हणून स्वतः वाचलेला नाही.

डेप्युटींनी शेवटी विचारलं की काकू खोटं का बोलल्या असतील. आमचं नवराबायकोचं सेहेचाळीस वर्षांचं आहे, ते मी या टेबलावर मांडणार नाही. लिहा की उत्तर दिलं नाही. सही कुठं करायची ते दाखवा आणि मला तिच्याकडे दवाखान्यात न्यायला गाडी काढा. याउपर मी काही सांगणार नाही.