लवळ्यात हिरो कोंडल्याबाबत

मी, सगुणाबाई भिकू शितोळे, वय ५९, धंदा शेती व विद्यार्थ्यांना खोल्या देणे, रा. लवळे, ता. मुळशी. पौड पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझ्या वरच्या खोलीत निरंजन नावाचा विद्यार्थी राहतो. जेवण माझ्याकडेच. त्याच्या वर्गातली किमया शहरातल्या वैतागलेल्या पोरांवर पिक्चर काढते व निरंजन त्यात हिरो आहे, हे मला आज कळले. आधी कोणी सांगितले असते तर ही वेळ आली नसती.

चार दिवस तो ताट तसेच परत पाठवत होता. विचारले की भिंतीकडे बघायचा. भिंतीत काय आहे म्हणून मीही बघितले. काही नव्हते.

आज सकाळी अकराच्या सुमारास मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले असता तो कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेला दिसला. "आई, मला शोधू नकोस. मी कुणाचाच नाही," असे म्हणत होता. किमया कॅमेरा घेऊन टाकीमागे होती, ती मला दिसली नाही. मी त्याला कॉलर धरून आत ओढले व दोन कानाखाली दिल्या. "मेल्या, कुणाचाच न्हाई म्हंजी? मी काय मेली हाय व्हय?" असेही बोलले.

त्यावर किमया बाहेर येऊन ओरडली, "काकू, शेवटच्या सीनची वाट लावलीत!" हिरो खंगलेला दिसावा म्हणून तिनेच त्याला काळ्या चहावर ठेवले होते. हे ऐकून माझे डोके फिरले. मी त्याला स्वयंपाकघरात नेले, हातातल्याच मिरच्यांनी दृष्ट काढली आणि पिठले-भाकरी वाढली. मग किमयाला झापायला बाहेर आले, तेवढ्यात मागे स्वयंपाकघराचे दार लागले.

मी हिरो कोंडला, असा फोन किमयाने केला. हवालदार आले व "मावशी, कडी काढा," म्हणाले. मी त्यांना दार दाखवले. त्या दाराला बाहेरून कडीच नाही.

आतून निरंजनचा आवाज आला, "काकू, अजून एक भाकरी टाका. आणि किमयाला सांगा, हिरो मेला."

किमया बाहेरच्या ओट्यावर बसून रडू लागली. चहावर तीही होती. निरंजनने आतून कडी काढल्यावर तिलाही वाढले.

जबाब वाचून ऐकवला, मी सांगितला तसाच आहे. "एकच कानाखाली लिहा," असे निरंजनने साहेबांना परस्पर सांगितले. पण मी दोन दिल्या होत्या. दोनच असू द्याव्यात.