पडद्यावरची स्कूटर

विजेच्या स्कूटरचा विषय काढलात म्हणून सांगतो. आमच्या दाऊदभाईंना तिची एजन्सी हवी होती, तेव्हाची गोष्ट. रत्नागिरीच्या विजेवर स्कूटर नीट चार्ज होते का ते बघायला पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने प्लग लावला आणि लोडशेडिंग सुरू झालं.

"काही बिघडत नाही," तो म्हणाला. "हीच चाचणी लॅपटॉपवर करू. त्यात वीज जात नाही."

पडद्यावरची स्कूटर झकास चार्ज होऊ लागली. नव्वद टक्क्यांवर लॅपटॉपचीच बॅटरी संपत आली.

"हा बंद पडला तर सगळं पहिल्यापासून," इंजिनिअर घाबरला.

दाऊदभाईंना एजन्सी हातची जाताना दिसली. "थांबा वो. दुकानात इन्व्हर्टर आहे, बॅटरी तेवढी मेलीय. स्कूटरची लावूया."

लावली. स्कूटरमध्ये होती नव्हती ती धुगधुगी लॅपटॉपने पिऊन टाकली आणि पडद्यावर आलं, शंभर टक्के. खरी स्कूटर मात्र जागची हलेना.

वरच्या आळीत वीज होती, म्हणून दाऊदभाई, इंजिनिअर आणि मी, तिघं मिळून ती चढावर ढकलत निघालो. तेवढ्यात पुण्याहून साहेबांचा फोन आला.

"पास, सर. फुल चार्ज झालीय," इंजिनिअर म्हणाला.

दाऊदभाईंनी मला खूण केली, धापा जरा हळू टाक.