दुसऱ्यांदा पास झाली की

औरंगपुऱ्यातल्या हृदयाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी माय-लेक बसले होते. मुलाच्या वडलांना आत तपासायला नेलं होतं.

“सुदर्शन, कुणाचा फोन व्हता?”

“हापिसातला, आई. लॅबवाल्यांचं सॉफ्टवेअर बनवतो ना आम्ही, ते नीट चालतं का हे कॉम्प्युटरच तपासतो. त्या तपासणीतली एक टेस्ट फेल झाली.”

“मग जावं लागंल?”

“नाय. पुन्हा चालवा म्हणलं. दुसऱ्यांदा पास होऊन जाती ती.”

“पण पहिल्यांदा का फेल झाली?”

“कोण बघत बसतं? कधी नेट जातं, कधी काय. पास झाली की सोडून द्यायचं.”

“अन् खरंच बिघडलेलं असलं तर?”

“निघालं की मागच्या महिन्यात. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटला गेला.”

बाईंनी आतल्या दाराकडं पाहिलं.

“तुझ्या अप्पांच्या छातीत दिवाळीतबी कळ आली व्हती.”

“मला का नाय सांगितलं?”

“जरा पडले, थांबली. संक्रांतीला परत आली, परत थांबली. थांबली म्हणल्यावर तुला कशाला सांगायचं?”

सुदर्शनचा फोन वाजला.

“बोल. पास झाली? नाय, सोडू नको. पहिल्यांदा का फेल झाली ते बघ.”

“पुंजारामांचे कोण आहेत?” नर्सनं दारातून विचारलं. “डॉक्टरांनी मुलाला आत बोलावलंय.”

“मी येऊ का?”

“तुम्ही बसा, मावशी.”