पडले तरच फोन

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की ऐकूनच दमलो. तसा आधीच दमलेला आहे. एकतीस वर्षं संगणकावरच्या चालू प्रोग्रामवर नजर ठेवायची, हेच काम; आज त्यातून निवृत्त होतोय. माझ्या माघारी तुम्ही मला 'टेहळ्या' म्हणता, तेही ठाऊक आहे.

शाळेत आमचे गुरुजी कविता पाठ म्हणायला लावत आणि ओळीओळीला विचारत, "पुढे?" त्या 'पुढे'पायी ओठांवर आलेली ओळही पळून जायची. हे आठवत असूनही मी आयुष्यभर काय केलं? तेच.

रुग्णालयाच्या नावनोंदणीचा आपला प्रोग्राम तीन महिन्यांपूर्वी रखडू लागला. रांग दाराबाहेर गेली. प्रत्येक पायरीची नोंद लिहायला मी त्याला आधीच लावलं होतं; कारण कळावं म्हणून त्या नोंदी दुप्पट केल्या. तो आणखी रखडला. मी आणखी नोंदी वाढवल्या. शेवटी आपले प्रोग्राम तपासणाऱ्या चाचणी विभागातल्या बाईंनी, त्या समोरच बसल्या आहेत, दहा मिनिटं सगळ्या नोंदी बंद केल्या. रांग सरसर पुढे सरकली.

"काका," त्या म्हणाल्या, "तो आजारी नव्हताच. तुम्ही त्याची नाडी सोडत नव्हता."

मग त्यांनी शंभरातल्या एकाच रुग्णाच्या कामाची नोंद ठेवली; चूक झाली तर मात्र सगळी. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही.

त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींचं खुब्याचं ऑपरेशन झालं. मी इथून दर अर्ध्या तासाला फोन करायचो: चाललीस का? एके दिवशी मी घरी असताना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, अजून दाराशीच का अडकलात?"

"काय करू? दोन्ही हात वॉकरला. दारापर्यंत जाते, तोवर यांचा फोन वाजतो. मागे फिरायचं, बसायचं आणि सांगायचं, हो, चालतेय."

डॉक्टर हसले. मला बाई आठवल्या.

आज निघताना ही म्हणाली, "तीन वाजता फाटकापर्यंत एकटी जाऊन येणार आहे. पडले तरच फोन करीन. तुम्ही करायचा नाही."

आता पावणेचार झालेत. फोन इथे पाण्याच्या ग्लासाशेजारी आहे. बोलता बोलता मी चारदा तिकडे पाहिलं, ते तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. माझ्याच हाताखाली शिकलात.

बाई, त्या आठवड्याबद्दल क्षमा करा. आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, काही उणंअधिक बोललो असेन, तर पोटात घाला.

फोन वाजलेला नाही. मी बसतो.