एक्कावन्न की चोपन्न?

बाबा : …म्हणून म्हणतो, माशी आणि हत्तीची शर्यत लावण्यात काय अर्थ? बॉक्सिंगमधल्या फ्लायवेटवाल्याचा, म्हणजे पन्नासेक किलोच्या माणसाचा हात केवढा, पळीएवढा! तो भराभर हलणारच. शंभर किलोचा माणूस तसा हलला तर ती खरी चपळाई. म्हणून चपळ हातांच्या बॉक्सरांत माझ्या लेखी अली एक नंबर.

मुलगी : डाव्या हाताची पट्टी सैल झालीय बाबा, अंगठ्याकडून परत घ्या. आणि पॅकियाओ? फ्लायवेटपासून चढत आठ वजनगटांत जिंकला. वजन वाढलं तरी हात तसेच.

बाबा : त्याला मी दोन नंबर देतो.

आत्या : देतोस! बिचारा वाटच बघत बसला असेल तुझ्या नंबराची.

बाबा : ताई, तू ती पॅडची शिवण घाल बघू. हे अनुभवाचे बोल आहेत. मला रिंगमध्ये 'चित्ता' म्हणायचे.

आत्या : आणि जिंकलास किती लढती?

बाबा : जिंकण्याचा इथे काय संबंध? वेगाचं चाललंय. मी हरायचोसुद्धा झपाट्याने. एकदा तर घंटा वाजली आणि मी आडवा. लोक अजून खुर्च्या शोधत होते. पंच म्हणाला, इतक्या चपळाईने पडलेला माणूस मी पाहिला नाही.

मुलगी : शुगर रे लेनर्ड?

बाबा : तीन. मग रॉय जोन्स. मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत गेला, हात कुठे जड झाला नाही.

मुलगी : आणि मी?

बाबा : तू माझी लेक आहेस.

मुलगी : हा नंबर नाही झाला.

बाबा : खरं सांगू पोरी? म्हणून तर तुझं नाव चोपन्न किलोत घालतोय. एक्कावन्नमधल्या पोरी डासासारख्या. तुझा हात पोचेपर्यंत चावून गेलेल्या असतील. चोपन्नमध्ये जरा निवांत कारभार असतो. आत्ता स्पर्धेच्या निवड समितीच्या बाईंना फोन करतो. एकदा कळवलं की मग बदल नाही.

मुलगी : चोपन्नमधल्या माझ्यापेक्षा वीतभर उंच असतात. लांबूनच मारतील मला. जवळच जाता येणार नाही.

बाबा : म्हणून तर वजन वाढवतोय तुझं.

आत्या : खाऊन उंची वाढते होय रे? मग तुझी कशी नाही वाढली?

बाबा : माझं सोड. मी फ्लायवेट होतो, आता माझ्या पोटाचाच वेगळा वजनगट आहे.

मुलगी : महिना झाला ठासून खातेय. केळं दिसलं तरी पोटात ढवळतं.

बाबा : मीही खातोय की. तुला सोबत म्हणून.

आत्या : तेवढी सोबत मात्र इमानेइतबारे चाललीय.

मुलगी : पण बाबा, माझा हात मंद आहे हे ठरवलं कोणी?

बाबा : या दोन हातांनी! रोज सकाळी तुझ्यासमोर पॅड धरून उभा राहतो. तुझा एक ठोसा निसटत नाही माझ्याकडून. साठी उलटलेला, ढेरी सुटलेला माणूस तुझा प्रत्येक ठोसा अडवत असेल, तर काय समजायचं? मला का आनंद होतो असं बोलायला? पण सरळ हिशेब आहे.

आत्या : सांग आता त्याला. नाहीतर मी सांगते.

मुलगी : आत्या, नको ना.

बाबा : काय सांगायचंय?

आत्या : मागच्या वर्षी तुझं नाक सुजलं होतं. दार लागलं म्हणालास.

बाबा : लागलंच होतं.

आत्या : ते दार त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होतं.

मुलगी : पॅड वर यायच्या आत माझा हात पोचला, बाबा. तुम्ही हसलात, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तेव्हापासून मी थांबते जरा. तुमचा हात येईपर्यंत.

बाबा : थांबतेस?

मुलगी : अगदी थोडंसं.

बाबा : वर्षभर?

मुलगी : बॅगवर मारते ना मनासारखं. तुम्ही खाली चहाला गेलात की.

बाबा : आणि मी इथे एकेक ठोसा झेलून 'वा रे पठ्ठ्या' म्हणत होतो.

मुलगी : हो. स्वतःला.

बाबा : अगं, मला वाटलं माझी चपळाई परत आली! खालच्या गॅरेजवाल्याला छातीठोक सांगितलं, म्हातारपणी हात उलट जास्त चपळ झालेत म्हणून. तो 'हो का' म्हणाला, तेव्हाच शंका यायला हवी होती. दे गं ताई ते पॅड.

आत्या : शिवण अर्धी आहे अजून.

बाबा : अर्धी तर अर्धी. हं, पोरी. मार.

मुलगी : नको.

बाबा : तुला वाटतं, तू बापाला जपतेस. आणि तुझा बाप? स्वतःच्या फुशारकीपायी तुला त्या लांबसडक पोरींच्या तोंडी द्यायला निघाला होता. तुझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती, आणि मी म्हणालो असतो, हात मंद होता. मार. मला कळायलाच हवं.

(दोन ठोसे त्याच्या गालाजवळ येऊन थांबतात आणि मागे जातात. मग पॅड वर येतात.)

बाबा : मार ना!

मुलगी : मारले.

बाबा : किती?

आत्या : दोन.

बाबा : मला एकच दिसला. तोही परत जाताना.

मुलगी : बाबा, रडताय तुम्ही.

बाबा : आनंदाने गं. बराचसा आनंदानेच. थोडं माझ्यासाठीही. आयुष्यात पॅड धरणं एवढं एकच बरं येत होतं मला. थांब, फोन करू दे. …हॅलो, बाई? मुलीचा वजनगट कळवायचा होता. एक्कावन्न. हो, हो, पक्कं. थोडं चढलंय, उतरवू आम्ही दोघं. प्रशिक्षकाचं नाव? ते… ते नंतर कळवतो.

मुलगी : नंतर का? तुमचंच आहे की.

बाबा : नाक्यावरच्या व्यायामशाळेत तो नवा कोच आलाय ना, तरणाबांड. उद्यापासून तो पॅड धरेल. तुला तुझ्या वेगाचा माणूस हवा.

मुलगी : पॅड धरू दे त्याला. रिंगच्या कोपऱ्यात तुम्हीच पाहिजे.

बाबा : कोपऱ्यात मी काय करू? पाणी पाजू?

मुलगी : हो.

बाबा : बाटलीचं झाकण उघडायलासुद्धा वेळ लागतो गं मला आता.

मुलगी : लागू दे. फेरी संपल्यावर अख्खं एक मिनिट असतं.