सापळ्यातली कारमेलिता

लाल भात! अहो, उंदराला आमचा सणावारचा लाल भात! आणि वर लिंबू-खोबऱ्यातली कोंबडी! मी काही बोलले की आजी लगेच, "नेनी, पाहुणीला कुणी उपाशी ठेवतं का गं?" पाहुणी? सापळ्यातलं आमिष आहे ते! तुम्हाला सांगते, आमच्या ग्वामवर एक वेळ साप परवडले, पण हे म्हातारे...!

नाही, थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच वेडी. आमच्या यिगो गावातल्या घरामागे नीरफणसाचं झाड आहे, त्याच्या ढोलीत साली नावाच्या पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलं. साळुंकीच्याच जातीचा हा पक्षी, काळाकुळकुळीत, पिवळ्या डोळ्यांचा. आता तुम्ही म्हणाल, पक्ष्यानं घरटं केलं, त्यात काय मोठं? अहो, दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालातून ते तपकिरी साप आले आणि माझ्या जन्माआधीच रानातले पक्षी गिळून मोकळे झाले! मी जीवशास्त्र शिकले ते मुक्या रानात. आमची पहाट म्हणजे शेजारचा कोंबडा आणि आजीचा खोकला, बस्स! आणि आता ढोलीत दोन पिल्लं! पहिल्यांदा चिरकली तेव्हा आजी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि नुसती उभी राहिली... तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी ही पिल्लं उडाली पाहिजेत.

म्हणून सापळा आणला. जाळीची नळी, तिला फक्त आत ढकलली जाणारी दारं, आणि मधे वेगळ्या पिंजऱ्यात जिवंत उंदीर. साप वासावर आत शिरतो, उंदरापर्यंत पोचत नाही, बाहेरही पडत नाही. उंदराला दाणे नि बटाट्याची फोड. सोपं! पण सोपं काही आमच्या घरात टिकतंय थोडंच? आजीनं बघितलं, उंदीर नाही, उंदरीण आहे. लगेच बारसं! कारमेलिता! सायपान बेटावरच्या स्वतःच्या बहिणीचं नाव! का? तर "जेवताना अगदी तिच्यासारखीच दिसते."

आणि आजीचा भाऊ, तुन बिसेन्ते, गालात सुपारी धरून, "सापळा टांगण्याआधी झाडातल्या वाडवडिलांची परवानगी घेतलीस का?"

घेतली, आजोबा!

"आणि सापानं घेतली होती का?"

ऐकलंत? साप परवडले!

बरं, रोज सकाळी सापळा रिकामा. मी खूश! आमच्या अंगणात साप नाहीतच, म्हणून जगभर सांगत सुटले. मग एका संध्याकाळी दोघं जपमाळ घेऊन बसलेले, आजी एक ओळ म्हणतेय, तुन बिसेन्ते दुसरी, आणि मधेच... कुर्रर्र, कुर्रर्र! बघते तर मेरीमातेच्या पायाशी पिंजरा, आणि कारमेलिता बटाटा कुरतडतेय!

"आजी! ही घरात काय करतेय?"

"मग काय अंधारात बाहेर ठेवू? रात्री साप येतात गं!"

"अगं, त्यासाठीच तर तिला ठेवलीय!"

"एवढं असेल तर तू बस पिंजऱ्यात. शिकलेली आहेस."

रोज! रोज दिवेलागणीला आत आणि उजाडायच्या आधी परत बाहेर! म्हणजे रात्रभर नुसती जाळी टांगलेली आणि वर माझी पिल्लं उघड्यावर! मी ओरडले, पाय आपटले, रडले... हो, रडले, काय करू? मग आजी बाहीला डोळे पुसून म्हणाली, "पिल्लांसाठी जाईल ती. पण एकटी जायची नाही."

आणि दोघंही खुर्च्या घेऊन झाडाखाली! पांघरुणं, बाम, सुपारीची डबी, सहलच जणू!

सकाळी बघते तर दोघं तोंड उघडं टाकून घोरताहेत, नळीत हा एवढा लांबलचक साप वेटोळं घालून पडलाय, आणि मधे कारमेलिता निवांत मिशा साफ करतेय! वर पिल्लं चोची वासून, धडधाकट! तुन बिसेन्ते एक डोळा उघडून म्हणतात, "बघितलंस? आम्ही होतो म्हणून!" म्हणजे घोरून साप धरला! साप परवडले हो, साप!

पिल्लं उडाली. तुम्हाला सांगते, असं काही भरून आलं... पण उडून दूर जातील तर शपथ! उजाडत नाही तोच माझ्या खिडकीशी कलकलाट! आजीची पिकलेली पपई फोडली, माझ्या धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर शिटली, आणि वर पिवळे डोळे वटारून माझ्याकडेच बघतात! काल सकाळी राहवलं नाही, खिडकीतून डोकं काढून ओरडले, "गप्प बसा की मेल्यांनो! ह्यापेक्षा साप परवडले!"

खाली झाडाजवळ दोघं कॉफी पीत बसले होते. आजी हसून हसून खोकायला लागली. तुन बिसेन्तेंनी सावकाश सुपारी थुंकली, माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाले, "ये, नेनी. तुझी खुर्ची आणून ठेवलीय."

गेले! काय करता? जाताना भाताची वाटी तेवढी घेतली... कारमेलिता उपाशी होती हो.