मडगार्डवरची उशी

(परवाना कार्यालयाची खिडकी. बाहेर वडील आणि त्यांची लेक, आत कारकूनबाई. वडिलांच्या ट्रॅक्टर लायसनच्या नूतनीकरणाची तोंडी परीक्षा चालू आहे.)

कारकूनबाई : पुढचा प्रश्न. ट्रॉली जोडून रस्त्यावर यायचं, तर मागे काय काय हवं?

वडील : नंबर. दोन लाल दिवे, दोन्ही चालू. लाल रिफ्लेक्टर, आणि माल इतका भरायचा नाही की ते झाकले जातील. शिवाय ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडायचे. शेतात सुटे चालतात, रस्त्यावर एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

कारकूनबाई : ब्रेकचं मी विचारलंच नव्हतं, काका.

लेक : गप्प बसवा त्यांना, नाहीतर संध्याकाळ होईल. घरी पाटावरून उठतानासुद्धा आधी मागे बघतात.

कारकूनबाई : आता शेवटचा. ट्रॅक्टरवर चालकासोबत किती जण बसू शकतात?

वडील : एक.

लेक : बाबा!

कारकूनबाई : नीट ऐका. चालकासोबत, म्हणजे चालक सोडून.

वडील : ऐकलं की. एक. डाव्या मडगार्डवर, खाली उशी घालून.

लेक : बाई, त्यांना येतं हो उत्तर. काल रात्री मीच घोकून घेतलंय.

वडील : चुकलं ना? मग लिहा नापास.

कारकूनबाई : यात चुकलं तर खरंच नापास, काका. बाकी सगळं बरोबर असलं तरी. मग लायसन पुढे चालू राहणार नाही.

वडील : त्यासाठीच आलोय.

लेक : त्यासाठी नाही आलो आपण. लायसन गेलं तर घरापासून शेतापर्यंतचा दोन किलोमीटर रस्ता कसा जाणार? आई गेल्यापासून त्या एका फेरीसाठी अंथरुणातून उठता तुम्ही. ती बंद झाली की भिंतीकडे तोंड करून पडाल, आणि मी रोज इतक्या लांबून फोनवर विचारायचं, जेवलात का?

वडील : तुला माहीत नाही, पोरी.

लेक : काय माहीत नाही?

वडील : तुझी आई पायरीवरून नाही पडली.

कारकूनबाई : बाजूला बाक आहे, काका. हवं तर तिथे बसून...

वडील : नको, इथेच बोलतो. नाहीतर पुन्हा तोंड मिटेल. पहिल्या परीक्षेला याच खिडकीत या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर दिलं होतं. ती बाहेर उभी होती. लायसन खिशात घातलं आणि तिला मडगार्डवर बसवून घरी नेलं. पुढे चाळीस वर्षं तीच जागा. बाकी एक नियम मोडला नाही मी. त्या दिवशीसुद्धा, दिवस मावळत होता, मागचा दिवा लागलाय की नाही बघायला मान वळवली. तेवढ्यात पुलाअलीकडचा खड्डा. पुन्हा पुढे बघितलं तर नुसती उशी.

लेक : पुढे सांगा, बाबा.

वडील : दवाखान्यात चार दिवस एकच बोलत होती. लेकीला सांगा पायरीवरून पडले. नाहीतर लायसन काढून घेतील, मग तुम्ही दिवसभर करणार काय? कंबर मोडलेली बाई, आणि काळजी माझ्या दिवसभराची.

लेक : तिचे कपडे मी धुतले, बाबा.

वडील : मग?

लेक : कोपराला डांबर होतं. तीन वेळा घासलं, निघालं नाही. आपल्या पायरीला कुठून आलं डांबर?

वडील : वर्षभर बोलली नाहीस.

लेक : विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. राग आला होता. अजून आहे, खोटं नाही बोलत. पण तिने शेवटी मागितलं ते हेच, तुमचं लायसन. ते तुम्ही या खिडकीत ठेवून जाणार?

वडील : बाई, तुम्ही ऐकलंत सगळं.

कारकूनबाई : पायऱ्या आमच्या खात्यात येत नाहीत, काका. मी अजून काही लिहिलेलं नाही. पेनसुद्धा टोपणात आहे.

वडील : उशी अजून तिथेच आहे, मडगार्डवर.

लेक : माहीत आहे. येताना स्कूटरवर मागेच होते मी. सगळा रस्ता तीच दिसत होती.

वडील : घरी गेल्यावर तू सोड. माझ्याने होत नाही. सुतळीच्या गाठी तिने मारल्यात.

लेक : सोडते. कापणार नाही.

कारकूनबाई : काका, मागे रांग आहे.

वडील : हो, हो. विचारा तुम्ही.

कारकूनबाई : ट्रॅक्टरवर चालकासोबत किती जण बसू शकतात?

वडील : कोणी नाही.